१७७३ साली चहा स्वस्त झाला होता, मग बोस्टनच्या लोकांनी तो समुद्रात का फेकला?

किमतीसाठी नव्हे, तर कर लावण्याच्या अधिकारासाठी. अमेरिकी वसाहतींचा एकही प्रतिनिधी ब्रिटिश संसदेत नव्हता, तरी संसदेने १७६७ मध्ये चहावर पौंडभर वजनामागे ३ पेन्स जकात बसवली. पुढे विरोधामुळे काच, कागद, रंग यांवरची जकात उठली. चहावरची मात्र मुद्दाम ठेवली. १७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला (हो, आपल्याकडचीच ती) थेट वसाहतींत माल विकायची मुभा मिळाली आणि भाव उतरला. पण तो स्वस्त चहा घेणं म्हणजे करही मुकाट्याने मान्य करणं. त्यात या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार निघू लागले, म्हणजे स्थानिक विधिमंडळाच्या हातातली दोरीच गेली. बंदरात आलेल्या पहिल्या जहाजाची जकात भरायची २० दिवसांची मुदत संपत आली, तेव्हा १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या. चहा चिनी होता बरं का, आसामचे मळे तेव्हा कुठले!

एवढं मात्र खरं की सगळेच तत्त्वासाठी लढत नव्हते. चोरटा डच चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा या स्वस्ताईने बसणार होता आणि आरडाओरड करण्यात तेही पुढे होते.