पाहुण्याला बोलायला नको, करायला सांगा

प्रश्न : ताई, मी तिसरीला शिकवते. अधूनमधून वर्गात पाहुणे बोलावते. मागच्या वेळी एक डॉक्टर आले. पाऊण तास आरोग्यावर बोलले, पण दहाव्या मिनिटालाच मुलांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का?’ म्हटल्यावर एकाने विचारलं, ‘तुमच्याकडे गाडी कोणती आहे?’ मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. मुलांना शिस्त कशी लावू?

उत्तर : शिस्तीचा इथे संबंधच काय? तुम्हाला-मला पाऊण तास मांडी घालून बसवलं असतं, तर आपणही पाहुण्यांच्या गाडीचाच विचार केला असता. माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्याकडून भाषण घेऊ नका, काम घ्या. आणि त्याची तयारी आदल्या दिवशी वर्गात व्हायला हवी.

डॉक्टर येणार असतील तर मुलांना नाडी मोजायला शिकवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवायची. अंगठा टेकवायचा नाही, त्याचेच ठोके जाणवतात. तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायची. मग जागेवर वीस उड्या मारून पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे फळ्यावर. या वयाच्या मुलांचे बसल्या जागी मिनिटाला साधारण 70 ते 110 ठोके पडतात. एखाद्याचे चाळीसच निघाले तर घाबरू नका, आधी त्याला परत मोजायला लावा. उड्यांनंतर ठोके का वाढले, हे मात्र तुम्ही सांगून टाकू नका. तो प्रश्न पाहुण्यांसाठी राखून ठेवा.

पाहुणे आले की प्रत्येक जोडीला एक जाड कागद द्या. 1816 साली रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांना एका तरुणीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला लावलं, आणि ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म तो! मुलांनीही तसंच ऐकावं, मग डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपने ऐकावं. ‘लब-डब’ म्हणजे हृदयातल्या झडपा मिटण्याचा आवाज, हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात बसतं.

पाहुण्यांना आधी फोन करून स्पष्ट सांगा : दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, हत्यारं-अवजारं बरोबर आणायची. मोठी माणसं रागावत नाहीत, उलट सुटल्यासारखी होतात. आणि हो, गाडीचा प्रश्न गाळू नका. समोरचा माणूस खराखुरा आहे ना, याची ती चाचपणी असते.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. मुलीच्या बाईंनी मला वर्गात बोलावलंय. चारचौघांत बोलायची सवय नाही. जाऊ की नको?

उत्तर : दादा, जरूर जा. टेप आणि गुण्या घेऊन जा. बाकाच्या कोपऱ्यापासून एका कडेवर 30 सेंटिमीटरवर खूण करा, दुसऱ्या कडेवर 40 वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर 50 भरलं तर कोपरा काटकोनात. मग गुण्या लावून पडताळून दाखवा. पुढे तुम्हाला बोलावंच लागणार नाही, मुलं फळा, दार, टेबल मोजत सुटतील. शाळेतलं सगळंच फर्निचर काही 50 ला बसायचं नाही, आणि ते कुणी केलं हे विचारल्याशिवाय मुलं सोडायची नाहीत!

करवत आणि पटाशी घरीच ठेवा. रंधा नेलात तर तो तुमच्याच हातात राहू द्या. निघालेले छिलके मुलं वाटून घेतील.

जाण्याआधी मुलीला मात्र विचारा, तिला तुमच्याबरोबर टेप धरायचीय की आपल्या जागेवरच बसायचंय. या वयात काहींना आईबाबा वर्गात आले की संकोच वाटतो. ती बसते म्हणाली तर बसू द्या, टेपचं दुसरं टोक धरायला हात पुष्कळ वर होतील.