रस्ता आणि साकवाचा निधी: फाईल कुठे अडते आणि आमदार त्यात काय करू शकतो

पंचबाब, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगे तालुक्यातला तुमचा वाडा, तिथे जाणारा बाराशे मीटरचा मातीचा रस्ता, वाटेत व्हाळावर (ओढ्यावर) जुना साकव, म्हणजे छोटा पूल, वस्ती बहुतेक वेळीप आणि गावडा कुटुंबांची. आमदारांनी दोन वर्षांमागे सभेत निधी मंजूर झाल्याचे सांगितले, नारळही फुटला, काम मात्र नाही. आमदार नेमके काय करू शकतो आणि पंचायतीने त्याच्या हातात काय द्यायचे, असे तुम्ही विचारता.

आधी फाईल कुठे आहे ते शोधा. आमदाराच्या पत्रावर मंत्र्याने ‘तपासून सादर करा’ असा शेरा मारला की गावात बातमी पोचते, पण त्या शेऱ्याने फक्त फाईल उघडते. मग साबांखाचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो, गोवा दरसूचीप्रमाणे (बांधकामाच्या सरकारी दरांची यादी) अंदाजपत्रक करतो, ते साहाय्यक आणि कार्यकारी अभियंत्यांमार्फत वर सरकते. रक्कम मोठी असेल तर मंत्री आणि वित्त खाते. वित्त खात्याचा होकार आला की प्रशासकीय मान्यता आणि खर्च मंजुरीचा आदेश निघतो, त्यानंतर तांत्रिक मान्यता, ई-निविदा आणि ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कार्यादेश. या सगळ्यात प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाला क्रमांक आणि तारीख असते. आमदारांना तो क्रमांक विचारा. क्रमांक नसेल तर काम मंजूर नाही, नारळ कितीही फुटोत.

वित्त खाते दोनच गोष्टी बघते: त्या लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या त्या कप्प्यात, तरतूद किती, आणि आधी दिलेल्या कामांचे देणे किती. मातीचा रस्ता पक्का करणे हे भांडवली काम, ते 5054 या मुख्य शीर्षात जाते. खड्डे बुजवणे, डागडुजी ही महसुली बाब, ती 3054 मध्ये. ‘रस्ता दुरुस्त करावा’ असे पंचायतीचे पत्र गेले आणि अंदाजपत्रक मात्र खडीकरण-डांबरीकरणाचे झाले, तर फाईल शेरा घेऊन परत येते. पत्रातला शब्द जपून घाला.

तुमच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज 2003 पासून गोव्यात अनुसूचित जमातीत आहेत, आणि 2011 च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण राज्याच्या लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के होते. त्या प्रमाणात वेगवेगळ्या खात्यांनी आदिवासी उपयोजनेसाठी पैसे बाजूला ठेवायचे असतात. अर्थसंकल्पात ते 796 या गौण शीर्षाखाली (मायनर हेड) दिसतात. हे पैसे वर्षअखेर शिल्लक राहण्याचे एक कारण म्हणजे तयार कामेच पुढे आलेली नसतात. वाड्यातली घरे, कुटुंबे आणि त्यांतली जमातीची संख्या यांचा तक्ता सरपंच आणि सचिवांच्या सहीने पत्राला जोडा. आमदाराला मग ‘रस्ता द्या’ असे मोघम न मागता ‘या शीर्षातून या वस्तीसाठी द्या’ असे मागता येते. अशा मागणीला नाही म्हणायला खात्याला कारण लिहावे लागते.

आता जमीन. गोव्यात ग्रामीण रस्ते पैशावाचून जेवढे अडतात त्याहून जास्त जमिनीवाचून अडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता ज्या सर्व्हे नंबरांतून जातो त्या प्रत्येकाचा नमुना एक व चौदा (जमिनीच्या हक्कांचा उतारा) काढा आणि तीन गोष्टी बघा. कब्जेदाराच्या रकान्यातली व्यक्ती हयात आहे का? बऱ्याचदा आजोबांचे नाव असते आणि इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची कायदेशीर प्रक्रिया) झालेलीच नसते. दुसरे, कुळाचे नाव आहे का? असेल तर मालकाच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही. तिसरे, पती-पत्नी दोघांच्या सह्या आहेत का? आपल्याकडच्या नागरी कायद्यानुसार मालमत्तेत दोघांचा वाटा असतो, म्हणून एकट्या पतीने दिलेले संमतीपत्र पुढे हमखास वादात सापडते. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवरचे ‘हरकत नाही’ पुरेल असे समजू नका. उपनिबंधकाकडे नोंदवलेले दानपत्र हवे. ते शक्य नसेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्याने जावे लागते, आणि मग एका पावसाळ्यात काम होईल ही आशा सोडा. कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची सामाईक, जमीन असेल तर व्यवस्थापन समितीची संमती आणि पुढची मान्यता ही आणखी वेगळी फाईल.

सांगेत जंगल आडवे येणारच. इथे वन हक्क कायद्याचे कलम 3(2) बहुतेक पंचायतींना माहीतच नसते. जंगलात राहणाऱ्या वस्त्यांसाठी तेरा प्रकारच्या सोयींना, म्हणजे शाळा, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या, नळवाहिन्या, रस्ते वगैरेंना, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तुमचे गणित करून बघा. बाराशे मीटर लांबी, डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या आणि गटार मिळून सहा मीटर रुंदी धरली तर 7,200 चौरस मीटर, म्हणजे 0.72 हेक्टर. मर्यादेत बसते. झाडे चोपन्नपर्यंत. रुंदी साडेआठ मीटर धरली की एक हेक्टर ओलांडला आणि सगळे प्रकरण 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राच्या परवानगीसाठी गेले. अंदाजपत्रक बनतानाच अभियंत्याला हे सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. शिवाय या कायद्यातली ग्रामसभा तुमच्या नेहमीच्या रविवारच्या ग्रामसभेसारखी नव्हे. तिला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. गणपूर्ती न झालेल्या ठरावावर वन खाते पुढे सरकत नाही, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. जागा नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव कायद्याचा प्रश्न निराळा उभा राहतो. तो कागद आधी सुरू करा.

विधानसभेकडे येतो. लोकांचा समज असतो की आमदाराने सभागृहात आवाज उठवला की पैसे वाढतात. घटनेच्या कलम 203(3) प्रमाणे अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या खर्चाला सभागृहाची मंजुरी मागणारा प्रस्ताव, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, म्हणजे व्यवहारात फक्त सरकार मांडते. आमदार रक्कम वाढवू शकत नाही, कपात सूचना मात्र देऊ शकतो. शंभर रुपयांची नाममात्र कपात सुचवून तो साबांखाच्या मागणीवर तुमच्या रस्त्याचा विषय काढतो. सूचना फेटाळली जाते हे सगळ्यांना ठाऊक असते. मंत्र्याचे उत्तर कामकाजात नोंदले जाते, आणि कपात सूचनेचा उपयोग तेवढाच पण खरा आहे. ‘काम या वर्षी हाती घेऊ’ असे मंत्री बोलले तर ते आश्वासन होते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. ‘विचार करू’ या उत्तराला फारशी किंमत नाही. चांगला आमदार उपप्रश्न विचारून तारीख वदवून घेतो.

त्याहून धारदार हत्यार म्हणजे प्रश्न. पण ‘सरकार अमुक रस्ता करणार आहे का?’ हा वाया घालवलेला प्रश्न. त्याचे उत्तर ‘होय, निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे येते आणि विषय संपतो. अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नात तक्ता मागावा: मतदारसंघातले साबांखाचे प्रत्येक काम, अंदाजपत्रकाची तारीख, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक, निविदेची तारीख, कार्यादेश, आजवरचा खर्च, विलंबाचे कारण. हा तक्ता भरताना खात्यालाच पडून राहिलेल्या फायली सापडतात. आमदाराला प्रश्नाचा मसुदा पंचायतीने लिहून दिला तर त्यात कमीपणा काहीच नाही, उलट बरेच आमदार त्याची वाट बघत असतात. विरोधी बाकावरच्या आमदारालाही ही वाट तेवढीच मोकळी आहे.

वेळेचे भान मात्र हवे. अर्थसंकल्प बहुधा मार्चमध्ये येतो, पण खाती आपले आकडे वित्त खात्याला त्याच्या कितीतरी आधी, पावसाळा सरल्यावर देऊ लागतात. मार्चमध्ये पर्वरीला विधानसभेत जाऊन निवेदन देणे म्हणजे जेवणावळ उठल्यावर पान मांडणे. ऑक्टोबरपर्यंत अंदाजपत्रक तयार असेल तर आमदाराला ते यादीत घालून घेता येते. भाषणात रस्त्याचे नाव आले पण लेखाशीर्षासमोर नाममात्र तरतूद असली, तर एवढाच अर्थ की शीर्ष उघडे आहे. पुढे पुरवणी मागणीतून (वर्षाच्या मध्ये मागितलेली जादा रक्कम) किंवा पुनर्विनियोजनाने (एका शीर्षाचे पैसे दुसऱ्यात वळवून) पैसे आणावे लागतील. पुनर्विनियोजन त्याच मागणीच्या आत होते. जलस्रोत खात्याचे उरलेले पैसे थेट साबांखाच्या मागणीत फिरवता येत नाहीत.

डिसेंबर-जानेवारी हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काळ. चालू वर्षाच्या अर्थसंकल्पाचे सुधारित अंदाज तेव्हा बनतात, कुठली कामे रखडली आणि कुठे पैसे उरणार ते दिसते. जमिनीचे कागद आणि तांत्रिक मान्यता हातात असलेले काम तेव्हा पुढे रेटता येते. मात्र पुढच्या पावसाचाही हिशेब धरा. जूनच्या सुरुवातीला पाऊस येतो आणि डांबरीकरण ऑक्टोबरपर्यंत बंद पडते. मार्चअखेर कार्यादेश मिळाला तर हातात जेमतेम दोन महिने. निवडणूक आली की आचारसंहितेने नवे कार्यादेश थांबतात. 14 फेब्रुवारी 2022 च्या मतदानासाठी ती जानेवारीतच लागली होती, म्हणजे ऐन मोसमात.

बाकीच्या स्रोतांबद्दल थोडक्यात. तुमचा भाग खाणपट्ट्यात मोडत असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागांसाठीच्या संस्थेचा, निधी बघा. 2021 च्या केंद्राच्या आदेशानुसार आमदार त्याच्या नियामक मंडळावर असतात, त्यामुळे तिथे त्यांचा शब्द थेट चालतो. पण 2024 च्या सुधारित सूचनांनुसार किमान 70 टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा प्राधान्याच्या कामांना जाते. रस्ता उरलेल्या हिश्शात बसतो, म्हणून या निधीतून वाड्याची पाणीयोजना मागा आणि रस्ता आदिवासी उपयोजनेतून. खनिजाचा कायमस्वरूपी निधी मात्र मागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2014 च्या निकालातून आलेला तो निधी पुढच्या पिढ्यांसाठी राखायचा आहे, रस्त्यांसाठी नाही. नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीतून ग्रामीण रस्ते-पुलांना 80 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, पण ते कर्ज राज्य घेते, कामे गट्ठ्याने पाठवते आणि सुरुवातीची उचल सोडली तर रक्कम खर्च केल्यावर मिळते. एका वाड्याच्या रस्त्यासाठी ते सोयीचे नाही, साकवाच्या जागी पूल होणार असेल तर विचारात घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या पंचायत अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, त्यामुळे त्यावरही रस्त्याची भिस्त फारशी नव्हतीच.

साकव आणि रस्ता यांची अंदाजपत्रके वेगळी होऊ देऊ नका. रस्ता झाला आणि साकव राहिला तर पावसात वाडा पुन्हा तुटतो, शिवाय खडी वाहणाऱ्या गाड्या जुन्या साकवावरून जाऊ शकत नाहीत. व्हाळाला सगळ्यात मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढले ती खूण वयस्क माणसांकडून दाखवून घ्या आणि अभियंत्याला नकाशावर नोंदवायला लावा. पुलाची उंची त्यावर ठरते.

अंदाजपत्रकाची प्रत मिळवून स्वतः वाचा. 3.75 मीटर रुंद डांबरी पट्टा धरला तर बाराशे मीटरचे 4,500 चौरस मीटर होतात. 50 मिलिमीटरचा डांबरी खडीचा थर म्हणजे 225 घनमीटर, वरचा 25 मिलिमीटरचा थर 112.5 घनमीटर. आकडा याहून बराच कमी दिसला तर जाडी किंवा लांबी कापली आहे असे समजा. गटार, मोऱ्या आणि साइडपट्ट्या आहेत का? त्या वगळून अंदाजपत्रक स्वस्त करतात आणि दुसऱ्या पावसात कडा तुटतात. विजेचे खांब हलवायचे असतील तर वीज खात्याचे अंदाजपत्रक वेगळे घेऊन ती रक्कम यातच धरा. नळवाहिनी डांबराआधी घाला. अंदाजपत्रक जुने असेल तर वस्तू व सेवा कराची ओळ तपासा: सरकारी बांधकामांवरचा दर 18 जुलै 2022 पासून 12 वरून 18 टक्के झाला. जुन्या दराने मान्यता घेतलेली कामे निविदेवेळी कमी पडतात आणि सुधारित मान्यतेसाठी परत वित्त खात्यात जातात. तुमची फाईल दोन वर्षांची आहे म्हणता, तर दरसूची कुठल्या वर्षाची लावली आहे तेही त्याच वेळी बघा.