गाळा विकून इटलीतल्या डोंगरगावात घर घ्यावे का?

प्रश्न: माझे वय 62, पत्नीचे 59. इटलीच्या अब्रुझ्झो प्रदेशात, स्कान्नोजवळच्या एका गावातले जुने दगडी घर आम्हा दोघांच्या मनात भरले आहे. वर्षाला पेन्शन 18 लाख, गाळ्याचे भाडे 15 लाख आणि ठेवींचे व्याज 8 लाख रुपये येते. गाळा विकून ते घर घ्यावे आणि कायमचे तिथेच राहावे, असे वाटते. आपले मत काय?

उत्तर: आपण जावे, असेच मला वाटते, परंतु गाळा विकून जाऊ नये.

नोकरी न करता तिथे राहणाऱ्यांसाठी इटलीचा ‘इलेक्टिव्ह रेसिडेन्स’ व्हिसा असतो. त्यासाठी एका व्यक्तीला वर्षाला सुमारे 31 हजार युरो आणि जोडीदारासह त्याहून साधारण 20 टक्के जास्त, म्हणजे 37 ते 38 हजार युरो उत्पन्न दाखवावे लागते, आणि तेही पेन्शन, भाडे, व्याज असे, काम न करता नियमित येणारे. नुसती बँकेतली शिल्लक त्याची जागा घेऊ शकत नाही. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर ही रक्कम 38 लाखांच्या घरात जाते. आज आपले उत्पन्न 41 लाख आहे, म्हणजे आपण जेमतेम बसता. गाळा विकला की 26 लाख उरतात, आणि ज्या घरासाठी तो विकला त्या घरात राहण्याचा परवानाच अडचणीत येतो. शिवाय कमाई रुपयांत आणि खर्च युरोत राहणार असल्याने, रुपया दरवर्षी 3 टक्क्यांनी घसरला असे गृहीत धरल्यास आजचे 38 लाख दहा वर्षांनी 51 लाख होतात. तेव्हा पेन्शन त्या वेगाने वाढलेली नसेल, तर भाडेवाढच आपल्याला हात देईल.

आणखी एक हिशेब लिहिताना मन जड होते, पण तो टाळणे बरे नव्हे. दोघांपैकी एकजण मागे राहिल्यास कुटुंब निवृत्तिवेतन मूळ पेन्शनपेक्षा बरेच कमी असते. अशा वेळी परक्या देशात आपल्या पत्नीला परवान्याच्या नूतनीकरणासाठी एकटीचे पुरेसे उत्पन्न दाखवता यावे, म्हणूनही गाळा राहू द्यावा, आणि शक्य असल्यास आताच त्यांचे नाव सहमालक म्हणून लावून घ्यावे.

कराच्या बाजूने परिस्थिती अनुकूल आहे. अब्रुझ्झोसह काही प्रदेशांतल्या छोट्या गावांत स्थायिक होणाऱ्या परदेशी पेन्शनधारकांना 2019 पासून परदेशातील उत्पन्नावर सरसकट 7 टक्के कर भरण्याची सवलत मिळते, आणि ती दहा वर्षे चालते. गाळ्याच्या भाड्यावरचा भारतातला कर मात्र त्यामुळे सुटत नाही. सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवण्यासाठी माणशी वर्षाला किमान 2,000 युरो धरा.

घराविषयी मला खरी काळजी वाटते. लाक्विला शहर याच प्रदेशात आहे. 6 एप्रिल 2009 च्या भूकंपात तिथे 309 माणसे गेली. म्हणून जुन्या दगडी भिंतींची तपासणी स्वतंत्र अभियंत्याकडून करून घेतल्याशिवाय किंमत ठरवू नये. मजबुतीकरणाचा खर्च कधीकधी घराच्या किमतीलाही मागे टाकतो. भारतीय वाहन परवाना तिथे बदलून मिळत नाही, आणि स्थायिक झाल्यावर वर्षभरानंतर तो चालतही नाही. इटालियन भाषेत लेखी परीक्षा देऊन नवा काढावा लागतो. स्कान्नोहून सुलमोनाचे रुग्णालय घाटरस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर आहे. बर्फ पडत असताना, पहाटे पत्नीच्या छातीत दुखू लागले तर गाडी कोण चालवणार, हे आजच ठरवायला हवे.

म्हणून डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने त्याच गावात भाड्याने राहून पाहा. लीप वर्ष नसेल तर ते बरोबर 90 दिवस होतात, आणि पर्यटक व्हिसावर तेवढेच राहता येते. मुक्काम मानवला, तर पुढचा व्हिसाही भाड्याच्या घरावर मिळू शकतो, कारण त्याला मालकीची अट नाही. एखाद-दोन वर्षांनी घर घ्यावेसे वाटल्यास पैसे ठेवींतून काढावेत, पण त्याने व्याज कमी होईल, हे आधी मोजून मगच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, पण आपण निवासी भारतीय असेपर्यंतच; तिथे स्थायिक झाल्यावर ही योजना लागू राहत नाही. 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर 20 टक्के कर आगाऊ कापला जातो आणि तो विवरणपत्रात वळता होतो.

घरमालक घाई करील, तरी आता बयाणा देऊ नका. तिथे खरेदीदाराने माघार घेतली की तो सहसा परत मिळत नाही.