लेकीला शहरांवर रिसर्च करायचाय, त्यात पुढं काय? (कुपवाडच्या एका वडिलांना उत्तर)

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, नीट वाचलं. तुम्ही कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत आहात, थोरली लेक सांगलीत बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र, आणि ती म्हणतेय की मला विद्यापीठात जाऊन शहरांवर रिसर्च करायचाय, म्हणजे माणसं राहतात कशी, घर कुणाला मिळतं, गरिबी बापाकडनं पोराकडं का येते, असलं सगळं. घरात आजी म्हणतात बीएड कर, मामा म्हणतो एमपीएससीचा क्लास लाव. आणि तुम्हाला तीन गोष्टी कळत नाहीत, हे काम नेमकं काय असतं, यात पोट भरतं का, आणि पोरीला एकटीला झोपडपट्टीत फिरायला लागणार का. तुम्ही नाही म्हणायच्या आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं, बरेच पालक नाही म्हणून झाल्यावर लिहितात.

काम काय ते आपल्याच गावावरनं सांगते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाकडं जायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथली माणसं सामान आवरायला लागतात. २००५ ला झालं, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत तेच. आणि पूर ओसरला की बरीचशी माणसं परत तिथंच राहायला येतात. का येतात? आपण बसल्या जागी म्हणून टाकतो की त्यांना सवयच झालीय किंवा नुकसानभरपाई मिळते म्हणून, पण रिसर्च करणाऱ्याला असं म्हणून चालत नाही, त्याला दारोदार जाऊन विचारायला लागतं की भाडं किती देता, विश्रामबागेकडं तेवढ्याच खोलीला किती पडेल, डिपॉझिट किती मागतात, जात-धर्म विचारून खोली नाकारतात का, बाईची धुण्याभांड्याची कामं कुठल्या गल्लीत आहेत, तिथं चालत जाता येतं का, पोराची शाळा कुठली, जागा स्वतःची असेल तर कागद काय आहे, सातबाऱ्यावर नाव लागलंय का नुसती नोटरी आहे. अशी शे-दोनशे घरांची उत्तरं एकापुढं एक ठेवली की मग दिसायला लागतं की सवयीचा भाग किती आणि परवडत नाही हा भाग किती. हे एकदा आकड्यानिशी दिसलं की महापालिकेला पूरपट्ट्यातनं माणसं हलवायची तर कुठं हलवायची याचं उत्तर वेगळं येतं.

गुंठेवारीचं तर तुम्हाला मी काय सांगायची. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पडले, एनए (बिगरशेती परवाना) नाही, लेआऊट मंजूर नाही, म्हणून गटार नाही, रस्ता नाही, शामरावनगरात पावसाळ्यात किती दिवस पाणी साठून राहतं ते आपण दरवर्षी पेपरात वाचतो. ही घरं नियमित करायला सरकारनं २००१ मध्ये वेगळा कायदा केला, आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात बसवली. म्हणजे वीस वर्षांत माणसं तशीच घरं बांधत राहिली. कामगाराच्या पगारात बसेल असा मंजूर प्लॉट शहरात मिळतो का, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि तुमच्या लेकीच्या डोक्यात असलेच प्रश्न आहेत. सांगली-मिरज-कुपवाड ही महापालिका होऊन (१९९८) आता पाव शतक उलटलं, २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर लोकसंख्या होती, त्यानंतर जनगणनाच झाली नाही, आता २०२७ ची होणार. एवढ्या मोठ्या शहरात कोण कसं राहतं याचा अभ्यास म्हणावा तेवढा झालेला नाही. सगळे मुंबई-दिल्लीवर लिहितात.

आणि हे काहीतरी नवीन फॅड आहे असं समजू नका. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस हे समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, ते मुळात नगररचनेतले माणूस. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात पुणे शहराचा सामाजिक-आर्थिक सर्व्हे केला, आणि त्याच संस्थेच्या सोवनींनी १९४० च्या दशकात आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा केला. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये गरिबी मोजायला माणसी रोज २२५० कॅलरीचा हिशेब धरला तेही त्याच संस्थेतले. सरकार गरिबांचा आकडा सांगतं तो कुठनं येतो, तर असल्या कामातनं येतो. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था तर थेट आपल्या सांगली-मिरजेच्या झोपडपट्ट्यांचे जीआयएसवर (म्हणजे कॉम्प्युटरवर) नकाशे करत आलीय, घर न् घर मोजून, आणि त्या माहितीवर इथं पुनर्वसनाचं काम झालंय. लेकीला म्हणावं त्यांचं काम आधी बघ.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण या विषयाची खरी गंमत त्यात आहे. अहमदाबादला विडी वळणाऱ्या बायकांसाठी घरांची लॉटरी निघाली, चिठ्ठी लागली त्यांना शहराच्या कडेला, साधारण १२ किलोमीटर लांब, चांगलं पक्कं घर. लॉटरी असल्यामुळं लागलेल्या आणि न लागलेल्या बायका बाकी सगळ्या बाबतीत सारख्याच, म्हणून संशोधकांना दोन्ही गटांची तुलना करता आली. १४ वर्षांनी बघितलं तर घर चांगलं होतं हे खरं, पण उत्पन्न वाढलेलं नाही, पोरांच्या शिक्षणात फरक नाही, उलट नातेवाईक-भावकी लांब पडल्यामुळं अडीनडीला उसने पैसे द्यायला, पोरं सांभाळायला माणूस नाही. घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिकडं राहायला गेलेच नाहीत आणि ३२ टक्के जाऊन परत आले. म्हणजे तीनातली दोन कुटुंबं शेवटी तिथं राहत नव्हती.

आणि अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच शहरांत साधारण ४६०० गरीब कुटुंबांवर असाच प्रयोग झाला, चिठ्ठीनं ठरवून काहींना चांगल्या वस्तीत भाड्यानं राहायला मदत दिली. मोठ्या माणसांच्या पगारात काही फरक पडला नाही म्हणून बरीच वर्षं सगळे म्हणत होते की प्रयोग फसला. मग हार्वर्डच्या राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोरं मोठी झाल्यावर परत हिशेब केला, तर १३ वर्षांची व्हायच्या आत जी पोरं हलली होती ती पंचविशीत सरासरी ३१ टक्के जास्त कमवत होती! प्रश्न एकच, चांगल्या जागी घर दिलं तर गरिबी हटते का, आणि दोन देशांत दोन उत्तरं, कारण तिथं वस्ती बदलली की शाळा बदलते आणि इथं वस्ती बदलली की काम आणि माणसं सुटतात (हे माझं मत, पण विचार करण्यासारखं आहे). आपल्याकडं म्हाडाच्या पुणे मंडळाची लॉटरी निघते तेव्हा सांगलीतली माणसं पण फॉर्म भरतात, त्यांचं पुढं काय होतं हे कुणीतरी जाऊन विचारायला पाहिजे की नाही? विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी) कुटुंबं देशभर पसरली, त्यांची पोरं कुठं शिकली, कुठं घर घेतलं, गावात परत कोण आलं, हा पण विषय आहे, आणि तो आपल्याकडच्या पोरीला जेवढा कळेल तेवढा बाहेरच्याला कळायचा नाही.

बरं, पोटाचं. इथं मी तुम्हाला गोडगोड सांगणार नाही.

एमए आधी करायला लागेल, दोन वर्षं. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटला (टीआयएसएस) शहरी धोरणाचं एमए आहे, देवनारलाच आयआयपीएस आहे तिथं लोकसंख्याशास्त्र, पुण्यात गोखलेला अर्थशास्त्र. अहमदाबादचं सेप्ट आणि बंगळूरचं आयआयएचएस पण नावाजलेली आहेत पण सेप्टची फी तुमच्या पगारात झेपणारी नाही, ते स्कॉलरशिप असेल तरच बघा. टीआयएसएस, आयआयपीएस या सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, टीआयएसएसचा प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेवर, फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो, परीक्षा मार्चच्या आसपास. एमए झाल्यावर पहिली नोकरी बहुतेक प्रोजेक्टवरची असते, रिसर्च असिस्टंट म्हणून, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, मग दुसरा शोधायचा. हे काही वर्षं चालतं आणि घरच्यांना ते नोकरीसारखं वाटत नाही, याची तयारी तुमच्या मनाची पाहिजे, तिच्या नाही. पीएचडीला नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतनं मिळणारी फेलोशिप) निघाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. जेआरएफला वय ३० पर्यंत, मुलींना पाच वर्षं सवलत. तुमच्या प्रवर्गाप्रमाणं सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप पण असते, पण हप्त्यांसाठी पोरं आंदोलनाला बसल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्यामुळं त्याच्यावर घरखर्च धरू नका. प्राध्यापकाची पर्मनंट जागा मिळाली तर मूळ पगारच ५७,७०० पासून सुरू होतो, पण जागा निघतात कमी आणि तोपर्यंत सीएचबीवर, म्हणजे तासावर शिकवत काढायला लागतात, त्यात घर चालत नाही हे तुम्हीही आजूबाजूला बघितलं असेल.

म्हणून मी पोरांना सांगते की नुसत्या प्राध्यापकीच्या भरवशावर या विषयात येऊ नका, हातात कसब पाहिजे. सर्व्हे करता येणं, आकडे तपासता येणं, नकाशा करता येणं, आणि चार पानात सरळ मराठी-इंग्रजीत लिहिता येणं, एवढं ज्याला येतं त्याला संस्थांमध्ये, सल्लागार कंपन्यांमध्ये, सरकारी योजनांच्या मूल्यमापनात काम मिळतं. नकाशासाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर शिकता येतात, केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याचे सर्व्हेचे आकडे पण नाव नोंदवून फुकट मिळतात. आजपासून रोज एक तास, क्लासची गरज नाही. मामांच्या एमपीएससीचं म्हणाल तर वाईट नाही, पण दोन्ही एकदम नको, दोन्हीला पूर्ण वेळ लागतो. तीन वर्षांची मुदत घाला, दोन एमएची आणि एक नेटची. त्यात जेआरएफ नाही झाली तर परत सगळे बसून ठरवा, तेव्हा ती चोविशीची असेल, काही बिघडत नाही. बीएड तर नंतरही करता येतं.

फिरण्याचं. हो, फिरायला लागतं, पण एकटीनं आणि रात्री नाही, चांगल्या ठिकाणी दोघादोघांनी पाठवतात, वस्तीतल्या ओळखीच्या माणसाला, अंगणवाडीताईला नाहीतर आशाताईला बरोबर घेऊन. आणि दादा, तिथं राहणारी माणसं तुमच्याच एमआयडीसीत शिफ्टला येतात. पोरगी असण्याचा इथं फायदाच आहे, पाणी, संडास, नवऱ्याची दारू, भाडं थकल्यावर मालक काय बोलला, हे बाया पुरुषाला सांगत नाहीत. अवघड भाग वेगळाच आहे. प्रत्येक दारात तिला विचारतील, ताई, घरकुल मिळणार का आम्हाला? आणि तिला खरं सांगायला लागेल की माझ्या हातात काही नाही, मी शिकतेय, तुम्हाला नको असेल तर उत्तर देऊ नका. हे ज्याला जमत नाही, किंवा जो खोटी आशा दाखवून फॉर्म भरून घेतो, त्यानं या कामात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे जमतं का, आवडतं का, हे पुस्तक वाचून कळत नाही. म्हणून मुंबईच्या फीचं बघायच्या आधी तिला इथंच एक छोटा अभ्यास करू द्या. विषय तुमच्या हाताशी आहे, कुपवाडला यूपी-बिहारची जी पोरं कामाला आहेत ती राहतात कुठं, एका खोलीत किती, भाडं माणशी का खोलीमागं, पाणी किती वाजता, गावी पैसे किती जातात, बायकापोरं का आणत नाहीत. तीस खोल्या बास झाल्या. प्रश्नावली म्हणजे तुमच्या फौंड्रीतला मोल्डच की, तो चुकला की वर कितीही चांगलं ओता माल रिजेक्टच होणार, तेव्हा त्याच्यावर वेळ घालवू दे, प्रश्न हिंदीत पण पाहिजेत. पहिल्या रविवारी तुम्ही बरोबर जा, पोरांशी ओळख करून द्या, त्यांच्या सुपरवायझरला मात्र नेऊ नका, त्याच्यासमोर कुणी खरं बोलणार नाही. नावं कुठं लिहायची नाहीत, खोलीला नंबर द्यायचा.

सहा-आठ रविवारांत हे होईल. दहाव्या खोलीनंतर ती कंटाळलीय का अजून चार प्रश्न वाढवून आलीय, ते तुम्हाला घरात दिसेलच, त्यावरनं सीयूईटीचा फॉर्म भरायचा का नाही ठरवा. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवायला सांगा, कुठला प्रश्न आधी घ्यायचा आणि पैशाचा प्रश्न किती शेवटी न्यायचा ते मी बघून देते.