बाई, एक विचारू? : हजेरीतलं पूर्ण नाव

(गिरणगावातल्या एका रात्रशाळेत 27 वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बाई, मी मुंबईत रात्रशाळेत गणित शिकवतो. माझं हे दुसरंच वर्ष. नववीत 17 वर्षांचा एक मुलगा आहे, ऑफिसच्या कँटीनमध्ये कामाला. जूनपासून पहिल्या बाकावर बसायचा. दिवाळीनंतर मागे जाऊन बसू लागला, तासाला झोपतो, कुणाशी बोलत नाही. परवा शाळा सुटल्यावर त्याला थांबवलं आणि म्हटलं, 'काय त्रास आहे तो मला मोकळेपणाने सांग.' 'काही नाही सर' म्हणाला, आणि त्यानंतर चार दिवस आलाच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, समुपदेशक महिन्यातून एकदा येतात, तुम्ही पोर्शन पुरा करा. मुलांकडे माझा नंबर आहे. रात्री साडेबारालाही फोन येतात आणि घरी बायको वैतागते. मुलांच्या किती जवळ जायचं?
– एक शिक्षक, मुंबई

उत्तर : सर, तो चार दिवस आला नाही हे तुम्ही मोजलंत. वर्गातल्या इतर कुणी मोजलं होतं का, विचारून बघा. तुमचं चुकलं ते एवढंच, की घाई केलीत.

हीच घाई मीही केली आहे. मी नोकरीला लागले तेव्हा 1982 चा गिरणी कामगारांचा संप होऊन गेला होता. जुने सर सांगायचे, पूर्वी वर्गात गिरणीतले बदली कामगार बसत, पाळी संपवून थेट येत. माझ्या वाट्याला आली ती त्यांची मुलं. वडील घरी बसलेले आणि पोरगा बेकरीत. असाच एक खेडकडचा मुलगा गप्प गप्प झाला, म्हणून त्याला मी शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. शेजारी दोघे सर पेपर तपासत बसले होते. मी विचारत राहिले आणि तो अखेर हमसून हमसून रडला. घरी जाताना मला वाटलं, आज काहीतरी चांगलं घडलं. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. दिवसभर मालकाच्या शिव्या खाऊन ताठ राहणारं पोर ते. ज्यांच्यासमोर रडलो त्यांना दुसऱ्या दिवशी तोंड कसं दाखवायचं? त्याला रडवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी खोलीत बोलावणं बंद केलं. साडेसहाला वर्गाच्या दारात उभी राहायला लागले, हजेरीचा कॅटलॉग हातात घेऊन. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न : 'खाल्लंस का?' या प्रश्नाला मुलं खोटं बोलत नाहीत. आणि नाही खाल्लेलं असलं तर पहिल्या तासाला झोप येणारच, त्यात मानसशास्त्र कसलं आलंय! टेबलाच्या खणात चणे-कुरमुऱ्यांचा डबा असायचा. मुलांनीच नंतर पाळी लावून तो भरायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट हजेरीची. कँटीनमध्ये, गाळ्यावर, गॅरेजमध्ये या मुलांना नाव नसतं. बारक्या, छोटू, ए पोऱ्या. दिवसभरात त्याचं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं सगळं नाव एकदाच कुणीतरी उच्चारतं, ते हजेरीला. म्हणून नंबर पुकारून हजेरी उरकू नका. दोन मिनिटं जास्त लागतील, त्रिकोणमितीला काही होत नाही. आणि नाव घेताना कॅटलॉगकडे बघू नका, मुलाकडे बघा.

तिसरं म्हणजे एक साधी शंभरपानी वही. प्रत्येक मुलाला एक पान. काम कुठे, पाळी कधी सुटते, साप्ताहिक सुट्टी कोणती, पगार कधी होतो, झोपतो कुठे. शेवटचा मुद्दा विसरू नका. माझी कितीतरी मुलं कामाच्या जागीच झोपायची. मालकाने माल ठेवायला ती जागा घेतली की पोरगं चार जणांच्या खोलीत पाचवं होऊन जायचं आणि आठवड्यात त्याचा चेहरा उतरायचा. तुमच्या मुलाचं दिवाळीनंतर बिनसलं म्हणता. दिवाळीत गावी गेला होता का? घरून पैशांची मागणी आली का? उचल घेतली आणि ती फेडायला जादा पाळी करतोय का? मनाचं दुखणं असेलही, पण आधी झोपेचा आणि पैशांचा हिशेब लावून बघा. ही वही कुलपात ठेवायची, शिक्षकांच्या गप्पांत ती उघडायची नाही.

आता उद्याचं. त्याच्या वर्गमित्राकरवी निरोप धाडा : 'सरांनी तुझी वही तपासून ठेवलीय, घेऊन जा.' परत यायला त्याला असं काहीतरी निमित्त हवं, ज्यात माफी नाही आणि चौकशीही नाही. कामावर जाऊन मालकाशी बोलायचा मोह आवरा. तुम्ही कळवळ्याने बोलाल आणि त्याची नोकरी जाईल. तो आला की फळा पुसायला, वह्या उचलायला हाताशी घ्या. सुटल्यावर स्टेशनपर्यंत बरोबर चाला. समोरासमोर बसवलं की जी मुलं दगड होतात, ती शेजारी चालताना बोलतात. नाही बोलला तर क्रिकेटवर बोला. दोन-तीन आठवडेही लागतील.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. 'मी नसलो तर कुणाला काय फरक पडतो' असं तो म्हणाला, स्वतःला इजा केल्याचं दिसलं, जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागला, तर सरळ विचारा, 'जीव द्यायचं मनात येतं का?' विचारल्याने ते मनात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि मुख्याध्यापकांना त्याच रात्री उठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. पहिल्या खेपेला स्वतः बरोबर जा, नुसता कागदावर पत्ता लिहून देऊ नका.

आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. मुलगा 18 वर्षांच्या आतला आहे. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने तुम्हाला ते कळवावंच लागतं. 'ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन आणि आधी तुला सांगून' एवढंच म्हणा.

फोनचं म्हणाल तर तुमच्या बायकोचं बरोबर आहे. रात्री साडेदहापर्यंत सर, त्यानंतर 14416, हे वर्गात फळ्यावर लिहून सांगा. फोन घेणारे तुम्ही एकटेच असाल तर दोन वर्षांत थकाल आणि मग मुलांवर खेकसायला लागाल. मी खेकसत होते. दुसऱ्या एखाद्या सरांना किंवा बाईंना ती वही दाखवून सोबत घ्या. पोर्शन पुरा करा, मुख्याध्यापकांचं तेही खरंच आहे. मार्चमध्ये पेपर कोरा राहिला तर त्याने पोराचं मन खचतं ते वेगळंच.

प्रश्न : माझा भाचा 16 वर्षांचा. बोलताना अडखळतो, त्यावरून वर्गात चिडवायचे म्हणून नववीत शाळा सोडली. आता काकांच्या छापखान्यात मदत करतो. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा की रात्रशाळा?
– मावशी, डोंबिवली

उत्तर : घरी बसून अभ्यास होणारा असेल तर सतरा नंबर वाईट नाही. पण त्यात तो आठ दिवस पुस्तकाला शिवला नाही तर ते कुणाला कळणार? तुमच्या भाच्याला पुस्तकांपेक्षा माणसांची भीती बसलीय, तेव्हा मी रात्रशाळा म्हणेन. तिथे शेजारच्या बाकावर दिवसभर राबून आलेला कुणीतरी असतो, त्याला चिडवायला फारसा जोर उरलेला नसतो. प्रवेशाआधी त्याला घेऊन एक संध्याकाळ नुसते जाऊन या. आणि वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा, हजेरीला 'हजर' म्हणताना तो अडेल, तर हात वर केला तरी चालू दे.