पायाळू लेकीच्या आईला

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा परवा रात्री फोन आला. बराच वेळ तुरीचं बोलली, पावसाचं बोलली आणि मग एकदम रडायला लागली. तेव्हा कळलं, बाळाच्या डाव्या खुब्याचा सांधा जागेवर नाही आणि सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी पाय फाकवून धरणारा पट्टा लावलाय. तू दोन दिवस धड जेवली नाहीस, हेही तिनेच सांगितलं. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर ऐकलेलं रात्री तीन वाजता आठवत नाही, कागद उशाखाली ठेवता येतो.

आधी हे ऐक. तुझं काहीही चुकलेलं नाही. ग्रहणात तू विळी धरलीस, सातव्या महिन्यात वावरात गेलीस, असलं जे कोणी बोलत असेल ते सोडून दे. बाळ पोटात पायाळू होतं ना? ढुंगणाकडून खाली बसलेल्या बाळाला पोटात पाय हलवायला जागा कमी पडते, खुब्यावर ताण येतो. मग सिझर झालं तरी तो ताण आधीच येऊन गेलेला असतो. त्यात तू पहिलटकरीण, त्यात मुलगी. हे दुखणं असलेल्या ५ बाळांत साधारण ४ मुली असतात, आणि डावा खुबाच जास्त वेळा सापडतो. आपल्याकडे पायाळू माणसाचं केवढं कौतुक! उसण भरली की त्याची लाथ पाठीत घ्यायची, विहिरीचं पाणी पाहायला त्याला न्यायचं. पण पायाळू बाळाचे खुबे तपासून घ्या, हे कोणती म्हातारी सांगते? तुला दवाखान्यात कोणीतरी सांगितलं आणि तू गेलीस. फार मोठं काम केलंस बेटा.

माझी लेकही पायाळूच. २००९ च्या मार्चमधली. मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नव्हत्या, लंगोट बदलताना डावा पाय उजव्यासारखा बाहेर पडत नव्हता. मला ते दिसत होतं. तालुक्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणाले, काही नाही, जाड बाळ आहे. मीही घरी आले. त्या दुखण्यात बाळ रडत नाही गं, काही म्हणता काही दुखत नाही, हाच घात होतो. चौदाव्या महिन्यात ती चालायला लागली आणि अंगणात चार पावलं टाकताना डावीकडे झुकली. सासूबाई तुळशीपाशी होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

आता हा पट्टा काय करतो ते नीट समजून घे, म्हणजे तो सांभाळायचं बळ येईल. खुब्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात, हे तू शाळेत शिकली असशील. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खळग्यात बसतो. तुझ्या आईच्या परसात ते जुनं दगडी उखळ आहे ना? त्याचा खळगा मुसळाने वर्षानुवर्षं कांडून कांडून गोल झालाय. बाळाची उखळी अजून बरीचशी कूर्चेची असते, मऊ. गोळा तिच्यात बसून राहिला तर ती त्याच्याभोवती खोल आणि गोल होत जाते. गोळा बाहेर राहिला तर ती उथळच राहते. पट्टा गोळ्याला जागेवर धरतो, बाकीचं काम बाळाचं अंग स्वतः करतं. म्हणून तर तासांचा हिशेब. डॉक्टरांनी २३ तास सांगितले असतील तर २३ तास, न काढायचं सांगितलं असेल तर आंघोळीलाही काढायचा नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. बारसं आहे, फोटो काढायचाय, मामेसासरे पहिल्यांदा येताहेत, कोणत्याही कारणाने नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण आपल्या घरांत सून पट्ट्याला हात लावू देत नाही म्हटलं की ती आखडू ठरते. ठरू दे.

पट्ट्याच्या छातीवरच्या आणि पायांच्या पट्ट्यांवर पेनाने खुणा करून घेतल्यास का? नसतील तर पुढच्या वेळी घे. चुकून निसटलं तर कुठे लावायचं ते कळतं. स्वतःहून कधी आवळू नकोस. पाय जास्त फाकवले की लवकर बरं होईल असं वाटतं, पण जास्त ताणल्याने गोळ्याचा रक्तपुरवठा अडू शकतो. बाळ वाढतं तसा दर आठवड्या-दोन आठवड्यांनी तो डॉक्टरच सैल-घट्ट करतात. आत पातळ सुती झबलं आणि लांब मोजे, लंगोट पट्ट्याच्या खालून. लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून उचलायचं नाही, ढुंगणाखाली तळहात घालायचा. गुडघ्याच्या मागे, जांघेत, मानेच्या वळीत रोज बघ, तिथेच कातडी सोलवटते. पावडर, तेल काही लावू नकोस. आणि बाळ त्या पायाचा गुडघा सरळ करून लाथ मारेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

न्हाऊ घालणाऱ्या बाईला मात्र आता थांबव. तिचा हात चांगला आहे, तिने तुलाही न्हाऊ घातलंय, मला माहीत आहे. पण पाय ओढणं, पायाची उलटसुलट घडी घालणं, पाय धरून उलटं धरणं, यातलं काहीच या लेकराला चालणार नाही. तिला चहा दे, साडी नेसव, पण तेल बंद. रात्री पाय सरळ करून दुपट्यात कसून गुंडाळणंही बंद. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास, बाळाचे पाय सरळ बांधू नका, अशी मोहीम काढली तेव्हा तिथे हे दुखणं खूप कमी झालं. उलट आपलं कडेवर घेणं, मांड्या फाकवून पोटाशी धरणं खुब्याला चांगलं. दूध पाजताना तिला तुझ्या मांडीवर घोड्यावर बसल्यासारखी बसव, जमतं.

बाया बघायला येतील. 'असं काऊन बांधून ठेवलं वं लेकराले, बेडकावानी?' म्हणतील. तोंड झाकून आत नेऊ नकोस. मी नेत होते. पाहुणे आले की लेकीवर लुगडं टाकायची आणि झोपली म्हणून सांगायची. तिच्या प्लास्टरच्या त्या तीन महिन्यांत मला सगळ्यात जास्त थकवलं ते त्या लपवण्याने. नंतर एकदा कंटाळून लुगडं काढलं आणि उखळीचं सगळं शेजारणीला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती तिच्या नातवाला घेऊन आली, याच्याही वळ्या बघ म्हणाली.

आमच्या लेकीला उशीर झाला होता, पट्ट्याचं वय गेलं होतं. नागपूरला भूल देऊन गोळा बसवला आणि पोटापासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं, मध्ये ६ आठवड्यांनी बदललं, एकूण ३ महिने. मे महिना होता. आपला मे. रात्री कूलरच्या पाण्याचे तुषार प्लास्टरवर येतात म्हणून तो दूर सरकवायचा, की ती घामाने रडायची. डोक्याकडे गोधडीची घडी घालून उंच करायचं, म्हणजे मूत वर प्लास्टरमध्ये जात नाही. कडेच्या आत छोटी घडी खोचायची, वरून मोठा लंगोट. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, पायाची बोटं हाताने चाचपायची, गरम आहेत ना, हलतात ना. खाज सुटली की ती प्लास्टरवर मूठ आपटायची. आत काडी घालायची नाही म्हणून आम्ही बाहेरून टिचक्या मारायचो. तिच्या बाबांनी त्या टिचक्यांना ताल लावला होता. अजून ती अभ्यास करताना मांडीवर तोच ताल धरते, तिला कुठून आला ते ठाऊक नाही.

तुझ्या वाट्याला यातलं येऊ नये म्हणूनच पट्ट्याचं एवढं सांगितलं. बहुतेक बाळांचं इतक्या लवकर सापडल्यावर पट्ट्यानेच भागतं. पण तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफीत गोळा बसलेला दिसला नाही आणि डॉक्टर पट्टा थांबवायचं म्हणाले, तर ते तुझं अपयश समजू नकोस. न बसलेल्या खुब्यावर पट्टा ओढत राहिल्याने उखळीचंच नुकसान होतं, म्हणून ते थांबवतात आणि पुढचा उपाय करतात.

पैशाचं थोडक्यात. अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेली योजना आहे, खुब्याचं हे दुखणं त्यांच्या यादीत आहे. माझ्या वेळी ती नव्हती. आशाताईला सांगून नाव लिहून घे, ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, महात्मा फुले योजनेत बसतं का ते तोच सांगेल. बिल भरून झाल्यावर विचारू नका, भरती होतानाच विचारा.

जावईबापूंना एक काम दे. पट्टा लावायला त्यांनाही शिकव. सोयाबीनची घाई असली तरी तपासणीच्या दिवशी त्यांनी सोबत यायचंच. डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनी ऐकलेलं बरं, एकटीला घरी येऊन सगळ्यांना पटवत बसावं लागत नाही. मोटरसायकलवर लेकराला मध्ये दाबून नेऊ नका, पाय जवळ येतात. एसटीने जा, खिडकीची जागा धर. आणि पट्टा सुटल्यावरही एक्स-रेच्या तारखा चुकवू नका, ती मोठी होईपर्यंत डॉक्टर बोलावत राहतील. माझी अजून जाते.

सोमवारी दारव्ह्याच्या गाडीने तुझ्या आईकडे चार झबली पाठवतेय. बगलेपासून खाली उघडी ठेवून नाड्या लावल्यात, पट्टा न काढता घालता येतील. पाचवं कापून ठेवलंय, बाळाच्या छातीचं माप कळव, मग शिवते. माप घेताना पट्ट्यावरूनच घे.

तुझी,
मावशी