ऑटो बोलतो तेव्हा गॅबो काय करतो?

गेल्या अंकात ‘द ग्रेट गॅबो’ या १९२९ च्या बोलपटाची ओळख करून दिली होती. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॅबो हा शब्दभ्रमकार, म्हणजे बोलक्या बाहुल्याचे प्रयोग करणारा कलावंत. गर्विष्ठ, तिरसट आणि इतका अंधश्रद्धाळू, की पलंगावर कुणी टोपी ठेवली तरी त्याचं डोकं फिरतं. सोबत काम करणाऱ्या मेरीला तो उठताबसता टाकून बोलतो. तिच्याशी मायेनं बोलतो तो त्याचा बाहुला, ऑटो. एका प्रयोगात मेरीच्या हातून तबक पडतं, भांडण होतं आणि ती निघून जाते. दोन वर्षांनी गॅबो ब्रॉडवेवर नाव कमावून असतो आणि त्याच कार्यक्रमात मेरीही असते, पण फ्रँक नावाच्या गायकाबरोबर. गॅबोचं काम एरिक फॉन स्ट्रोहाइमनं केलं, मेरीचं बेटी कॉम्प्सननं. दिग्दर्शक जेम्स क्रूझ, मूळ कथा बेन हेक्टची. चित्रपट पाहून बरीच पत्रं आली, त्यांतली काही इथे घेतली आहेत.

गॅबो जेवतो, पितो, सिगरेट ओढतो आणि त्याच वेळी ऑटो बोलतो, गातोसुद्धा. असं खरंच करता येतं का? आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत. (दादर)

जे ‘येत नाही’ म्हणतात ते बरोबर आहेत. कारण आपल्या घशातच आहे. घास किंवा घोट गिळताना श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि श्वास क्षणभर थांबतो. आवाज निघतो तो बाहेर पडणाऱ्या हवेवर, त्यामुळे गिळण्याच्या क्षणी बाहुला मुका होणारच. सिगरेटचंही तेच. झुरका घेताना हवा आत जाते, बोलताना बाहेर येते. धूर तोंडात धरून बाहुल्याला बोलतं करायला जाल तर प्रत्येक अक्षराबरोबर तुमच्याच ओठांतून धुराचे पुंजके निघतील. चोरी पकडून द्यायला याहून चांगला साक्षीदार नाही.

रंगमंचावर हा प्रकार करतात, पण तो जादूगाराच्या पद्धतीनं. ग्लास दुहेरी भिंतीचा असतो: आतल्या आणि बाहेरच्या भिंतीमधल्या अरुंद फटीत थोडंसंच दूध असतं, पण समोरून ग्लास भरलेला दिसतो. ग्लास तिरपा केला की दूध आतल्या पोकळ भागात उतरतं आणि प्रेक्षकाला ते प्यायल्यासारखं वाटतं. कलावंत एक थेंबही गिळत नाही. ग्लासाच्या कडेमागे ओठ झाकले जातात हा वरचा फायदा. खाण्याच्या प्रसंगात घास गालात सरकवायचा, बाहुल्याचं छोटं वाक्य संपवायचं आणि मगच गिळायचं. वाक्य चार-पाच शब्दांचं असेल तर मधली फट कळत नाही. गॅबोसारखं अख्खं गाणं मात्र कुणालाही झेपणार नाही.

चित्रपटात ऑटोचा आवाज स्ट्रोहाइमचा नाहीच, दुसऱ्याचा आहे. बऱ्याच वाचकांनी याला फसवणूक म्हटलंय. आमचं मत वेगळं आहे. शब्दभ्रमाचा सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो की कानापेक्षा डोळा वरचढ ठरतो. बाहुल्याचं तोंड कलावंताच्या तोंडापासून फार तर ४० सेंटिमीटरवर असतं. १० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला हे अंतर जेमतेम दोन अंशांचं दिसतं. आवाज नेमका कुठून आला हे भरल्या सभागृहात तेवढ्या बारकाईनं कान सांगू शकत नाही, म्हणून जे तोंड हलतं त्याच्या पदरात मेंदू तो आवाज टाकतो. बोलपटही हेच करतो! आवाज येतो कर्ण्यातून, आपण मानतो की तो पडद्यावरच्या ओठांतून आला. पडद्यावर गॅबो आणि ऑटो दोघंही सारखेच बाहुले आहेत. त्यामुळे शब्दभ्रमाचं कसब रंगमंचावर सिद्ध होतं, बोलपटात सिद्ध करता येत नाही. तेव्हाच्या लोकांनाही हे ठाऊक होतं. १९३० साली ‘द अनहोली थ्री’च्या बोलपटात लॉन चेनीनं शब्दभ्रमकाराचं काम केलं, तेव्हा त्यातले पाच आवाज आपलेच आहेत असं प्रतिज्ञापत्र त्यानं सही करून दिलं. कागद द्यावा लागला यातच सगळं आलं. म्हणून ‘गॅबो’ पाहताना कसब तपासत बसू नये, ऑटो काय बोलतो याकडे कान ठेवावा.

ऑटो शेवटी जिवंत होईल, सूड घेईल असं वाटत होतं. काहीच झालं नाही. आमची निराशा झाली. (भांडुप)

‘झपाटलेला’ (१९९३) पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला असं वाटणं साहजिक आहे. तिथला नायकही बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा, आणि तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो. तो भुताचा सिनेमा. ‘गॅबो’मध्ये भूत नाही. माफी मागणं, कौतुक करणं, ‘तुझी आठवण येते’ म्हणणं गॅबोला स्वतःच्या तोंडानं जमत नाही, म्हणून ते ऑटोच्या तोंडून होतं. पडद्यामागच्या खोलीत दोघं एकमेकांशी बोलतात ते प्रसंग पुन्हा पाहा. गॅबो एकटा असतानाही ऑटो त्याला टोकतो, म्हणजे त्याला आतून सगळं कळतंय. अखेरीस तो ऑटोच्या तोंडावर ठोसा मारतो आणि लगेच कळवळून त्याची माफी मागतो. ही माफी मेरीला द्यायची राहून गेलेली असते. सूड पाहायचाच असेल तर १९४५ चा ‘डेड ऑफ नाइट’ पाहा. मायकल रेडग्रेव्ह आणि त्याचा ह्यूगो नावाचा बाहुला त्यात अंगावर काटा आणतात.

कथा रंगात आली की मध्येच लांबलचक नाच सुरू होतात. पुढे ढकलले तर चालेल का? आणि सगळे इतकं सावकाश का बोलतात? (डोंबिवली)

नाच पुढे ढकलायला हरकत नाही, पण कोळ्याच्या जाळ्याचा नाच ठेवा. माशी आणि कोळी यांच्या वेशातली मेरी-फ्रँकची जोडी आणि मागे दोरांचं अवाढव्य जाळं, असं दृश्य पुन्हा कुठे सापडायचं नाही. १९२९ साली बोलपट नवा होता आणि ‘बोलतो, गातो, नाचतो’ या तीन शब्दांवर तिकिटं खपत होती, म्हणून ही भरती. काही नाच मल्टिकलर या दोन रंगांच्या पद्धतीत चित्रित झाले होते. तिच्यात फिल्मच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असे, एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला तांबूस छटा दिली जाई. आज जी प्रत मिळते ती काळीपांढरी आहे. रंग गेल्यावर दूरवरून दिसणारे ते नाच फिके पडले, हे त्या दृश्यांचं दुर्दैव.

सावकाश बोलण्याचा दोष मायक्रोफोनचा. तो एका जागी लपवलेला असे, त्याच्यापासून तोंड वळवलं की शब्द गेला. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला बंद खोपट्यात कोंडत, त्यामुळे तो हलत नसे. आपल्याकडे दीड वर्षानं हाच त्रास झाला. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’चं चित्रीकरण बरंचसं रात्री करावं लागलं, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात.

मुलगा दहावीत आहे, चित्रपट पाहून त्याला बोलक्या बाहुल्याचं वेड लागलंय. मराठीत ओठ न हलवता बोलायचं कसं? (गिरगाव)

अडचण फक्त ओठांनी म्हणायच्या अक्षरांची आहे: प, फ, ब, भ, म. बाकीची बहुतेक वर्णमाला जिभेवर आणि घशावर चालते. आरशासमोर ओठ किंचित विलग ठेवा, वरचे-खालचे दात हलके जवळ आणा, चेहऱ्यावर अर्धं हसू ठेवा आणि ‘काका, ताई, आजी, दादा’ म्हणा. ओठ हलणार नाहीत. आता ‘बाबा’ म्हणून पाहा, अडकलात.

इंग्रजीत ‘ब’च्या जागी ‘ड’ आणि ‘प’च्या जागी ‘ट’ यांच्या जवळचे आवाज काढायला शिकवतात. मराठीत तो उपाय जसाच्या तसा चालत नाही, कारण आपल्याकडे त-ट आणि द-ड वेगवेगळे आहेत आणि कान त्यांना लगेच ओळखतो. ‘बाबा’चं ‘दादा’ झालं की नातंच बदलतं, ‘मामा’चा ‘नाना’ होतो. म्हणून जिभेचं टोक दातांवर ठासून टेकवू नका. जिभेचा पुढचा पसरट भाग वरच्या दातांमागे मऊ दाबा आणि हलकेच सोडा, मनात मात्र ‘ब’ म्हणा. येणारा आवाज ‘द’ आणि ‘ब’ यांच्या मधला असतो. ‘म’ सगळ्यांत सोपा, त्याचा नाकातला गुंजारव जरा लांबवला की कान फसतो. ‘फ’ आणि ‘भ’ सुरुवातीला संहितेतून काढूनच टाका.

उरलेलं काम संदर्भ करतो. बाहुल्याच्या हातात पेला दिसला की ‘ताणी’ हे ‘पाणी’च ऐकू येतं. बाहुल्याचं नाव निवडताना ओठांची अक्षरं टाळा. ऑटो या नावात एकही नाही, पण त्याला ‘गॅबो’ म्हणायची वेळ आली की ‘ब’ आडवा येतो. यशवंत पाध्ये यांनी आणलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेलेला अर्धवटराव पाहा. त्या नावात ओठांजवळ जाणारं अक्षर एकच, ‘व’. तो दोनदा येतो, पण मराठी ‘व’ ओठ न मिटता निभतो.

बाहुल्याचा आवाज आपल्यापेक्षा चढा आणि घसा थोडा आवळलेला असावा, म्हणजे दोन माणसं वाटतात. रोज १०-१५ मिनिटं पुरे. घसा खवखवला की त्या दिवशी थांबायचं. दहावीच्या वयात मुलांचा आवाज फुटत असतो, त्यामुळे चढ्या आवाजाचा हट्ट धरू नका.

जबड्याबद्दल एक चूक हमखास होते. मूल प्रत्येक अक्षराला तोंड उघडमीट करतं आणि बाहुला चावल्यासारखा दिसतो. स्वर येतो तिथे उघडा, शब्द संपला की मिटा. ‘मला भूक लागली’ या वाक्याला सात वेळा जबडा हलवायची गरज नाही, पाच पुरतात. डोकं ज्या दांड्यावर बसवलंय त्यावरची जबड्याची दोरी ढिली असेल तर तोंड उशिरा मिटतं आणि खाली लोंबत राहतं. अशा वेळी दोरी आखूड करा किंवा जबडा मागे ओढणारं रबर बदला. आणि बाहुला बोलत असताना मुलानं त्याच्याकडे बघायचं, प्रेक्षकांकडे नाही. त्याची नजर जिथे जाते तिथे सभागृहाची जाते.

सोसायटीच्या हॉलमध्ये हा चित्रपट दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (मुलुंड)

भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे मूळ चित्रपटाची अडचण नाही. मात्र नव्यानं केलेली उपशीर्षकं किंवा जोडलेलं संगीत कुणाचं तरी असू शकतं, ते तपासा.

चित्र चौकोनीच ठेवा, ४:३. भिंत भरावी म्हणून ताणलंत तर ऑटोचा चेहरा भोपळ्यासारखा होईल. स्पीकर एकच लावा, पडद्याच्या खाली, मधोमध. तो हॉलच्या कोपऱ्यात गेला की आवाज चेहऱ्यावरून सुटतो आणि वर सांगितलेला सगळा भ्रम मोडतो. ब्लूटूथ वापरू नका, त्यात आवाज मागे पडतो आणि बाहुल्याच्या चित्रपटात जबडा आणि शब्द यांची फारकत चटकन डोळ्यांत येते. वायर जोडा. खर्ज थोडा उतरवा म्हणजे गुणगुण कमी होईल, तार स्वरही जरासे उतरवा म्हणजे जुन्या प्रतीची खरखर दबेल. पण फार उतरवलेत तर ‘स’ आणि ‘श’ नाहीसे होतात. स्ट्रोहाइमचे जर्मन वळणाचे उच्चार आधीच कठीण, तेव्हा उपशीर्षकं असतील तर लावाच.

आणि शेवट कळला म्हणून लगेच दिवे लावू नका. गॅबो ऑटोला घेऊन थिएटरबाहेर पडतो आणि दारावरच्या पाटीतून त्याच्या नावाची अक्षरं उतरवली जात असतात. ते दृश्य अंधारातच पाहायला हवं.